आमच्याकडचा समुद्र

माझी पत्नी रत्नागिरीकडची. लग्न होऊन ती दौंडास आली तें 1984 सालीं. येथील रखरखीत माळ, इंजिनांच्या धुरानें काळवंडलेल्या चाळी आणि कोठेंही न अडणारी क्षितिजाची रेघ पाहून तिनें पहिल्याच आठवड्यांत आपला निकाल देऊन टाकला : "तुमच्याकडे सारें आहे, समुद्र तेवढा नाहीं." यांतील पूर्वार्ध हा केवळ नव्या सुनेच्या सौजन्याचा भाग होता, हें मला तेव्हांही कळलें होतें. उत्तरार्धावर मात्र बोलण्यासारखें कांहींच नव्हतें. ज्या माणसाचें बालपण शिरूरास घोडनदीच्या कांठीं, वर्षांतील आठ महिने गुडघाभर पाण्यांत गेलें, त्यानें रत्नागिरीच्या मुलीपुढें पाण्याविषयीं तोंड उघडूं नये हेंच बरें.

त्याच वर्षींच्या पौषांत आम्ही भिगवणच्या बाजूस एका नातलगाकडे निघालों होतों. डिकसळच्या जुन्या पुलावर आमची गाडी कांहीं कारणानें थांबली. हा पूल इंग्रजांनीं आगगाडीसाठीं बांधलेला. रूळ दुसरीकडे गेल्यावर तो माणसांच्या वाट्यास आला. पुलाच्या दोन्ही अंगांस उजनीच्या फुगवट्याचें पाणी पसरलें होतें. धरण पुरें होऊन चारच वर्षें झालीं होतीं. पाण्याला अजून आपल्या नव्या विस्ताराची संवय झालेली नसावी, असें त्याच्याकडे पाहून वाटे. त्या पाण्यावर पांढऱ्या पाखरांचा एक थवा गिरक्या घेत होता. पंख लांब आणि टोंकाशीं काळे, चोंच आणि पाय लाल. पत्नी खाली उतरली, कठड्याला हात टेकून क्षणभर पाहत राहिली, आणि एकदम ओरडली, "अहो, हे आमच्याकडचे ! बंदरावरचे कुरव ! हे इथें कसे आले ?"

त्या 'कसे आले' चें उत्तर मला त्या दिवशीं देतां आलें नाहीं. पुढें, सालिम अलींचें 1941 सालीं निघालेलें पक्ष्यांचें पुस्तक एका जुन्या बाजारांत हातीं लागलें, आणि फार उशिरां मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' घरीं आला, तेव्हां कोठें उलगडा झाला. हा तपकिरी डोक्याचा कुरव. त्याचें डोकें तपकिरी होतें तें फक्त उन्हाळ्यांत, विणीच्या दिवसांत. आपल्याकडे येतो तेव्हां तें पांढरें झालेलें असतें आणि कानाशीं एक काळसर ठिपका तेवढा उरतो. म्हणजे ज्या देशांत तो आपल्या नांवाप्रमाणें दिसत नाहीं, त्याच देशांत आपण त्याला पाहतों. त्याचें खरें घर मध्य आशियांतील व तिबेटाच्या पठारावरील उंच सरोवरांच्या कांठीं. रत्नागिरीचें बंदर हें त्याचें हिवाळी बिऱ्हाड, आणि भीमा हेंही बिऱ्हाडच. हा शोध मीं मोठ्या विजयानें पत्नीला सांगितला. तिनें भाजी निवडतां निवडतां शांतपणें उत्तर दिलें, "असेल बिऱ्हाड. पण आधीं आमच्याकडे केलें." ह्या मुद्द्यावर आमचा वाद आज चाळीस वर्षें अनिर्णित आहे.

ह्या पाण्याचें गणित मोठें विचित्र आहे. धरणाची कोनशिला बसली 1966 सालीं, काम पुरें झालें 1980 सालीं. त्यांत सुमारें 117 अब्ज घनफूट पाणी मावतें. पैकीं 63 अब्ज घनफुटांहून अधिक पाणी 'अचल' म्हणून धरलें जातें. अर्ध्याहून अधिक ठेव अशी कीं जिला सहसा हात लावावयाचा नाहीं. अशी सावकारी आमच्या भागांत दुसऱ्या कोणाची नसेल. वरच्या अंगाला मुलूख सपाट असल्यामुळें तेथें पाणी खोल गेलें त्यापेक्षां पसरलें अधिक. हिवाळा सरूं लागला, खालीं कालव्यांना आणि नदीला पाणी सुटलें, कीं फुगवटा हाताहातानें मागें सरतो आणि त्याच्यामागें मैलच्या मैल चिखल उघडा पडतो. पाखरें येतात तीं ह्या चिखलासाठीं.

त्या चिखलाचें कुळही सांगितलें पाहिजे. पुणें शहराचें सांडपाणी घेऊन मुळा-मुठा शिरूर तालुक्यांतील रांजणगांव सांडसपाशीं भीमेला मिळते, आणि भीमा तें सारें निमूटपणें आमच्या दारीं आणून टाकते. त्यावर शेवाळ माजतें, शेवाळावर आणि गाळावर किडे-अळ्या पोसतात, आणि त्यांच्यावर पोसतो तो रोहित, ज्याला हल्लीं अग्निपंख असें भारदस्त नांव मिळालें आहे. आदितवारीं पुण्याहून मोटारी भरभरून मंडळी हा पक्षी पाहावयास येतात. आपण आपल्याच मोरीचें पाणी पाहावयास साठ मैल आलों, हें त्यांच्या ध्यानांत येत नसावें. आलें तरी तें त्यांनीं बोलून दाखवूं नये इतकें तें दृश्य सुंदर असतें. तो पक्षी उंच पायांवर उभा राहून मान खालीं सोडतो, डोकें चक्क उलटें करतो, आणि चोंचीच्या कडांना असलेल्या दातेरी चाळणींतून चिखलपाणी गाळतो. एका जागीं पाय आपटीत गोल फिरून तो तळचा गाळ ढवळतो. दुरून वाटावें कीं कोणी भात मळीत आहे. त्याचा गुलाबी रंगही जन्माचा नव्हे, ह्या खाण्यांतून आलेला. त्याचीं घरटीं कच्छच्या रणांत. तेथील चिखलाच्या उंचवट्यांची ती अफाट वसाहत सालिम अलींनीं 1945 सालीं जाऊन पाहिली होती.

रोहित येऊन गेल्यावर छायाचित्रें वर्तमानपत्रांत येतात. बाकीच्यांची मात्र कोणी दखल घेत नाहीं, याचें मला वाईट वाटतें. शाळेंत आम्हांला चक्रवाक शिकविला तो केवळ विरहाचें प्रतीक म्हणून. पण तो नारिंगी रंगाचा, फिक्या डोक्याचा पक्षी दर हिवाळ्यांत नदीच्या वाळूवर जोडीजोडीनें प्रत्यक्ष बसलेला असतो, हें कोणी सांगितलें नाहीं. रात्रीं चरतांना तीं दोघें एकमेकांपासून लांब जातात आणि हाका मारीत राहतात; कवींनीं फक्त हाका ऐकल्या असाव्यात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला कादंब हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून उडतांना तो नोंदला गेला आहे. इतक्या प्रवासानंतर तो आमच्या शेतकऱ्याच्या हरभऱ्यांत उतरतो आणि शेतकरी त्याला दगड मारतो. चिमणीएवढें एक तुतवारासारखें पाखरूं थेट उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रांतून येतें आणि चिखलावर शिवणयंत्राच्या सुईसारखी चोंच चालवीत राहतें. आणि काळ्या कुळकुळीत अंगाचा, कपाळीं पांढरा टिळा लावलेला 'वारकरी' तर शेंकड्यांनीं असतो; पंढरीच्या वाटेवरच्या पाण्यांत त्याला दुसरें नांव शोभलेंही नसतें.

पत्नीनें एकदां मला कोंडींत पकडण्यासाठीं विचारलें, "मग खरोखर समुद्राचें असें तुमच्या पाण्यांत कांहींच नाहीं ना ?" मला अहीर आठवला. हा सापासारखा लांब मासा आमच्या लहानपणीं घोडनदीच्या डोहांत कोळ्यांना कधीं कधीं सांपडे. तो वाढतो नदीच्या गोड्या पाण्यांत, पण वीण समुद्रांत. भीमा, भीमेंतून कृष्णा, कृष्णेंतून पूर्वसमुद्र असा शेंकडो कोसांचा प्रवास करून तो अंडीं घालावयास जाई, आणि दोऱ्याएवढीं पिल्लें तोच मार्ग उलटा चढून येत. आतां वाटेंत उजनी आहे, पुढें श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे. कोळ्यांच्या जाळ्यांत आज येते ती मुख्यतः चिलापी, परदेशांतून आलेली आणि कोणत्याही पाण्यांत संसार थाटणारी. अहिराची हकीकत ऐकून पत्नी गप्प झाली. तो वाद मीं जिंकला. पण त्यांत सुख वाटलें नाहीं.

पाखरांशीं माझा पहिला संबंध कांहीं असा पुस्तकी नव्हता. शिरूरास चैत्र लागला कीं घोडनदीची धार एका कांठाला जाऊन बसे आणि मधें पांढरी वाळू उघडी पडे. कोणी त्यांत वाळकें-टरबुजांचे वेल लावीत. त्या वाळूंत नुसत्या खळग्यांत, काडीचाही आडोसा न करतां, टिटव्या आणि सुरय अंडीं घालीत. आमच्याकडे शेतकरी टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधीत : अंडीं नदीच्या पात्रांत खालीं असलीं तर पाऊस बेताचा, उंच बांधावर असलीं तर पूर येणार. मी आठ वर्षांचा असतांना अशीं चार अंडीं टोपींत घालून घरीं आणलीं. आई चुलीपुढें बसली होती. तिनें टोपींत पाहिलें आणि रागावून नव्हे, घाबरून म्हणाली, "जा, होतीं तिथें ठेवून ये. आत्तांच्या आत्तां." मी धांवत गेलों. पण वाळू सगळीकडे सारखीच. खळगा कोणता होता हें मला सांपडेना. टिटवी माझ्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालीत होती. तिलाही बहुधा सांपडत नव्हता. मीं अंडीं अदमासानें एका जागीं ठेविलीं आणि घरीं येऊन "ठेवलीं" असें सांगितलें. तें खोटें नव्हतें.

आतां तात्यांविषयीं. तात्या माझे चुलते. वडिलांनीं शिक्षकाची नोकरी धरून शिरूर गांठलें. तात्या भीमेकांठीं शेतीवर राहिले. गांवाचें नांव सांगून उपयोग नाहीं, कारण जें बुडालें त्याचें आणि वर माळावर जें वसविलें त्याचें नांव एकच आहे. नदीकांठची अकरा एकर काळी, दोन मोटांची विहीर, चिंचेखालचें खळें आणि चौसोपी नव्हे पण ऐसपैस घर, हें सारें पाण्याखालीं गेलें तेव्हां तात्या चाळिशींत होते. मोबदला मिळाला, तो किती व केव्हां, हें येथें लिहून कोणाचें पोट भरणार नाहीं. माळावर नवें घर बांधलें तेव्हां गवंड्यानें विचारलें, दार कोणीकडे ठेवायचें. पूर्वेला पाणी होतें, तलाव लखलखत होता. वाराही तिकडूनच येई. तात्यांनीं दार पश्चिमेला ठेविलें. पूर्वेच्या भिंतीला खिडकीसुद्धां ठेविली नाहीं. सदतीस-अडतीस वर्षें ह्या माणसानें त्या पाण्याकडे पाहिलें नाहीं. 2013 आणि 2016 च्या दुष्काळांत पाणी आटलें, पळसदेवचें बुडालेलें देऊळ वर आलें, गांवचीं माणसें आपापल्या जुन्या जागा पाहून रडून आलीं. तात्या गेले नाहीत. मी आदितवारीं दुर्बीण गळ्यांत अडकवून पाखरें पाहावयास जातों हें त्यांना ठाऊक होतें. त्याविषयीं ते कधीं बोलले नाहीत, आणि मीही त्यांच्या घरीं दुर्बीण कधीं नेली नाहीं.

2017 सालच्या फेब्रुवारींत त्यांचा नातू पुण्याहून कॅमेरा घेऊन आला आणि आजोबांना होडींतून नेण्याचा हट्ट धरून बसला. नातवापुढें माणूस हरतो. तात्या ऐंशीच्या घरांत आलेले. आम्हीं दोघांनीं हात देऊन त्यांना होडींत बसविलें. नावाडी तरुण होता. मासे धरणें कमी करून त्यानें हल्लीं पाखरें दाखविण्याचा व्यवसाय पत्करला होता, आणि त्यांचीं नांवें तो झपाझप इंग्रजींत सांगत होता. बांबूनें होडी रेटीत तो म्हणे, "ऑस्प्रे बसला बघा डाव्या हाताला." वठलेल्या एका खोडावर मासेमार घार बसली होती, पंजांत चिलापी होती. तात्या त्या घारीकडे पाहत नव्हते. ते खोडाकडे पाहत होते.

"ही बाभूळ," ते बऱ्याच वेळानें म्हणाले. "भैरोबाच्या वाटंची."

त्यानंतर ते पुन्हां गप्प झाले. होडी उथळ पाण्याकडे वळली. पुढें दोन-तीनशें रोहित उभे होते. सकाळचें ऊन कोंवळें होतें आणि त्यांचीं प्रतिबिंबें पाण्यांत हलत होतीं. नातू भराभर छायाचित्रें घेऊं लागला. मी दुर्बीण डोळ्यांना लावली. तात्यांनीं हात कपाळाशीं नेला आणि अगदीं हळू आवाजांत, जणूं पाखरें उडतील म्हणून, ते बोलूं लागले.

"त्यो रांगंनं हुबा हाय न्हवं थवा, त्यो आपला बांध. त्याच्या पल्याड पानी खोल हाय म्हनून थितं कुनी न्हाई. अल्याड चार-दोन हायती, त्ये खळं. खळं उंच हुतं."

मीं दुर्बीण खालीं केली. पाखरें खरेंच एका सरळ रेषेंत उभीं होतीं. इतकीं वर्षें मी त्यांच्याकडे पाहत आलों. पण तीं कशावर उभीं आहेत हा प्रश्न मला कधीं पडला नव्हता. लांब पायांचीं पाखरें जेथें पाय पुरतो तेथें उभीं राहतात, जेथें पुरत नाहीं तेथें राहत नाहीत. म्हणजे बुडालेल्या जमिनीचा चढउतार तीं आपल्या पायांनीं पाण्यावर काढून दाखवितात. हें मला सुचावयास हवें होतें. तें वाचण्यासाठीं मात्र आधीं जमीन तोंडपाठ पाहिजे, आणि ती ज्याला होती त्यानें पाखरांकडे पाठ फिरविलेली होती.

"आन् त्या मधल्या मोकळ्या जागंत एक बी पाखरू न्हाई, बगितलंस ?"

"होय, तात्या."

"थितं हीर हाय आपली."

थव्याच्या मध्यभागीं खरोखरच एक वाटोळी मोकळी जागा होती. चाळीस वर्षांच्या गाळानें विहीर केव्हांच बुजली असणार, असें माझ्या मनांत आलें. मीं तें बोलून दाखविलें नाहीं. तात्यांनीं मग नावाड्याला विचारलें कीं हीं पाखरें कोठून येतात आणि खातात काय. त्यानें गाळांतले किडे असें सांगितलें. तात्यांनीं मान हलविली. "म्हंजी आपल्याच रानात चरत्यात. आन् खंड कुनाला देत न्हाईत." नातू हंसला, नावाडीही हंसला. तात्या स्वतः हंसले कीं नाहीं हें मला नीट सांगतां येणार नाहीं.

परत येतांना नावाड्यानें शेवेची पुडी सोडून मूठभर शेव हवेंत उधळली. आलेल्या लोकांसाठीं तो हें नेहमींच करतो. पाहतां पाहतां कुरव चहूंकडून धांवले आणि आमच्या डोक्यांवर किलबिलाट करीत हवेंतल्या हवेंत शेव टिपूं लागले. तात्यांना ही गोष्ट मुळींच आवडली नाहीं. "पावन्याला भीक घालूं ने," ते म्हणाले. तें कुरवांना उद्देशून होतें कीं आम्हांला, तें त्यांचें त्यांनाच ठाऊक.

त्या दिवसापासून तात्या आपण होऊन पाण्याची चौकशी करूं लागले. पाणी किती उतरलें, पाखरें कोठवर आलीं, हें मला दूरध्वनीवरून विचारीत. ज्या वर्षीं पाणी उशिरापर्यंत भरलेलें राहतें त्या वर्षीं रोहितांना उभें राहावयास जागा मिळत नाहीं, तीं उशिरां येतात किंवा थोडीं येतात. अशा वेळीं मी हळहळलों कीं ते म्हणत, "त्येला काय हुतंय, पंढरपूरला पानी मिळतंय." आणि पाणी भराभर उतरलें व मी पाखरांच्या बातम्या उत्साहानें सांगूं लागलों कीं ते विचारीत, "आन् मानसं काय पित्याल ?" पाखरांच्या नादीं लागलेल्या माणसाला दुष्काळाचा मनांतून थोडासा आनंद होतो, ही गोष्ट त्यांनीं मला न दुखवितां दाखवून दिली. ती खरी होती.

2019 च्या उन्हाळ्यांत हा प्रश्न घरांतच आला. आदल्या वर्षीं परतीचा पाऊस झाला नव्हता. एप्रिलांत पाणी अचल साठ्याच्याही खालीं उतरून गेलें आणि जुनी शेतें उघडीं पडलीं. अशा जमिनींत पाण्याच्या मागें मागें पीक घेतात, त्याला आमच्याकडे गाळपेर म्हणतात. नातवानें नोकरी सोडून शेतीच धरली होती. वैरणीचा तोटा होता. त्यानें तेथें मका पेरावयाचें ठरविलें. तात्या काठी टेकीत त्याच्याबरोबर गेले. मीही गेलों. भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर शिंपल्यांचा सडा पडला होता. बांध ओळखूं येत होता. विहिरीच्या जागीं दगडांचें वाटोळें कडें होतें, आणि आंत कांठोकांठ गाळ. मीं पायानें दाबून पाहिला. आजूबाजूच्या जमिनीपेक्षां तो मऊ होता. मग दोन वर्षांपूर्वीं पाखरें तेथें पाय रोवीत नव्हतीं तीं ह्यामुळें, कीं केवळ योगायोगानें, हें कोण सांगणार ? तात्यांना शंका नव्हती. "पाखराला कळतंय," एवढेंच ते म्हणाले.

खळ्याच्या उंचवट्याकडे वळतांच एक करड्या रंगाचें लहानसें पाखरूं आमच्या पुढ्यांत येऊन एक पंख मोडल्यासारखा घसटीत लंगडूं लागलें. हा आर्ली. आपण जवळ गेलों कीं तो असें सोंग करून आपल्याला अंड्यांपासून दूर नेतो. मीं सर्वांना जागच्या जागीं थांबविलें. पाहतों तों नातवाच्या बुटापासून वीतभरावर, भेगेच्या कडेला, मातीच्याच रंगाचीं दोन ठिपकेदार अंडीं. शोधल्यावर आणखी सहा-सात ठिकाणीं तशींच सांपडलीं. ट्रॅक्टर भाड्यानें आणलेला, तासावर पैसे चालू. नातू माझ्याकडे पाहूं लागला आणि मी तात्यांकडे. जमीन त्यांची होती असें आतां कोणताही कागद म्हणत नव्हता. तरी निर्णय त्यांचाच होता.

तात्यांनीं वांकून एक धोंडा उचलला आणि अंड्यांपासून चार हातांवर ठेविला. मग दुसरा, मग तिसरा. "खळं सोड," ते नातवाला म्हणाले. "बाकीचं नांगर." आम्हीं तिघांनीं मिळून खळ्याभोंवतीं दगडांची ओळ मांडली. मी तें काम करीत असतांना मला शिरूरची वाळू आठवत होती, आणि ह्या खेपेस जागा चुकणार नाहीं म्हणून मी पुन्हां पुन्हां ओळ पाहत होतों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं जाऊन पाहिलें तों दगड जागच्या जागीं होते आणि अंडीं नव्हतीं. मऊ धुळींत कुत्र्यांच्या पावलांचे ठसे होते. पाणी आटलें कीं जमीन नुसती शेतकऱ्याला मोकळी होत नाहीं. नातू चडफडला; भाड्याचे पैसे गेले ते गेले आणि वर चार गुंठे पेराविना राहिले. तात्यांना लहानपणीं कीर्तनांत ऐकलेली टिटवीची गोष्ट ठाऊक होती : समुद्रानें तिचीं अंडीं गिळलीं, तिनें चोंचीनें समुद्र उपसावयास घेतला, आणि शेवटीं गरुडानें रदबदली केल्यामुळें समुद्रानें तीं परत दिलीं. मीं ती काढली. वाटलें कीं त्यांना बरें वाटेल. "परत दिली," ते म्हणाले, "पर अंडीच दिली का त्याच्याजागी पैकं दिलं, त्ये सांगितलं न्हाई बुवानं." मग ते खळ्यांत जाऊन थोडा वेळ बसले. तेथें चिंच नव्हती, सावली नव्हती. त्या वर्षीं त्यांनीं तें खळें अखेरपर्यंत नांगरूं दिलें नाहीं.

तात्या गेले ते 2022 च्या माघांत. मागें एकदां बोलतां बोलतां त्यांनीं सांगून ठेविलें होतें कीं आपल्या अस्थि पंढरपुरास नेऊं नयेत. विहिरींत टाकाव्यात, पुढें पंढरपुरास जायचें असेल तर त्या पाण्याबरोबर आपसुक जातील. म्हणून आम्ही डिकसळच्या बाजूनें होडी घेतली. नावाडी तोच. पत्नी बरोबर होती. नातू मडकें मांडीवर घेऊन बसला होता. त्या वर्षीं पाणी पुष्कळ होतें. बाभळीचें खोड कुजून पडलें होतें किंवा बुडालें होतें. तें दिसलें नाहीं. रोहित आले होते, पण ते पार पलीकडच्या कांठाला, उसाच्या कडेनें उभे होते, आणि आमच्या बाजूला नुसतें पाणी. नावाड्यानें बांबू पाण्यांत टाकून पाहिला, तो बुडाला. थोडें पुढें जाऊन पुन्हां टाकला, पुन्हां बुडाला. त्यानें माझ्याकडे पाहिलें. मीं दुर्बीण काढली आणि परत ठेविली. तिचा कांहीं उपयोग नव्हता.

"इथंच आसल," नातू म्हणाला, आणि होडी थांबली.

अस्थि सोडल्या, मागोमाग झेंडूचीं फुलें सोडलीं. फुलें पाण्यावर पसरतात न पसरतात तों कुरव आले. त्यांना वाटलें असावें कीं नेहमींची शेव आहे. दहा-वीस पाखरें आमच्या डोक्यांवरून सपकन् खालीं आलीं, एक-दोघांनीं पिंवळ्या पाकळ्या चोंचींत धरल्या, वर नेल्या आणि सोडून दिल्या. नावाडी त्यांना हांकलण्यासाठीं बांबू उगारूं लागला. पत्नीनें त्याचा हात धरला.

"असूं देत," ती म्हणाली. "ते आमच्याकडचे आहेत."